संगणकावरील मराठी अक्षर

सोलापूरहून पुण्याकडे येतांना आगगाडीच्या वाटेवर मोहोळ हें तालुक्याचें गांव लागतें. नागनाथाच्या देवस्थानामुळें तें नांव दूरवर ठाऊक आहे. अक्षरें अवघीं तीन. दुसरीतला मुलगाहि तीं पाटीवर सहज लिहील. परंतु १९९५ च्या सुमारास हेंच नांव एका संगणकावर लिहून दुसऱ्या संगणकावर धाडलें असतें, तर पलीकडे मोहोळ उमटण्याऐवजीं रोमन लिपींतील चारदोन अक्षरें आणि एकाददुसरें विरामचिन्ह, एवढाच ऐवज पुष्कळ वेळां हातीं आला असता.

याचें कारण असें कीं, संगणकास अक्षर ठाऊक नसतें, अंक ठाऊक असतो. रोमन अक्षरांचे अंक अमेरिकेंत १९६३ सालींच ठरूं लागले होते. त्या मांडणींत मराठीस जागा नव्हती. तेव्हां फाँट बनविणारांनीं युक्ति काढली. रोमन अक्षराच्या घरांत त्यांनीं मराठी अक्षराचें चित्र बसविलें. पण एकानें ज्या घरांत 'क' ठेवला त्याच घरांत दुसऱ्यानें 'म' ठेवावा! घरांचे क्रमांक तेच, बिऱ्हाडकरू मात्र निरनिराळे. मजकूर ज्या फाँटांत लिहिला तो फाँट जवळ असल्यावांचून तो वाचतां येत नसे, आणि मराठी लेखनाचीं वर्षानुवर्षांचीं दफ्तरें अशा रीतीनें एकेका विक्रेत्याच्या कुलपांत जाऊन बसलीं.

उपाय सुचला नव्हता असें नाहीं. पुण्याची सी-डॅक ही संस्था १९८८ सालीं स्थापन झाली, आणि भारतीय लिपींचा 'इस्की' हा संकेत १९९१ सालीं भारतीय मानक ठरला. त्याच वर्षीं जगांतील लिपींस एकत्र आणणारा युनिकोड प्रसिद्ध झाला. त्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली आहे. 'म' ला २३५०, 'ह' ला २३६१, 'ळ' ला २३५५ आणि ओकाराच्या चिन्हास २३७९ हे अंक मिळाले. कागदावर प्रश्न सुटला. परंतु अंकांवरून अक्षर जुळवून दाखविणें, वेलांटी व्यंजनाच्या डाव्या अंगास नेणें, रफार माथ्यावर चढविणें, हें काम संगणकाच्या मूळ प्रणालीनें करावयाचें असतें. आणि ती प्रणाली बंद पेटींतली असेल तर मराठी माणसानें वाट पाहण्यापलीकडे काय करावें?

पेटी उघडी असावी हा आग्रह दूरदेशीं आणि एका छपाईयंत्रापायीं जन्मास आला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. कागद अडकला कीं वापरणारास तशी सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनीं तेथील जुन्या छपाईयंत्राच्या प्रणालींत केली होती. नवें यंत्र आलें तें प्रणालीच्या मूळ लेखनावांचून. तें मागितलें असतां नकार मिळाला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यांनीं 'ग्नू' या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. वापरावी, वाचावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, ही मोकळीक तिच्या परवान्यांतच लिहिलेली होती. पुढें १९९१ सालीं हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें 'लिनक्स' हा गाभा लिहिला, आणि दोहोंच्या मिळणीनें संपूर्ण प्रणाली उभी राहिली. जगभरच्या अनोळखी माणसांनीं कण कण आणून बांधलेलें हें काम म्हणजे खरोखर एक मोहोळच. मात्र मध कोणीहि न्यावा.

आपल्याकडे ही प्रणाली प्रथम आली ती बहुतांशीं मासिकांच्या पोटांतून. १९९६ च्या सुमारास 'पीसीक्वेस्ट' या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येऊं लागली. दूरध्वनीच्या तारेवरून एवढा ऐवज उतरवून घेणें त्या काळीं अशक्यप्राय होतें, त्यामुळें सीडी हातोहात फिरे. हौशी माणसांचा तो काळ मोठ्या धाडसाचा होता. तबकडीचे भाग पाडतांना हात चुकला कीं पूर्वींचा सारा मजकूर नाहींसा. स्वस्त मोडेम विंडोजच्याच आधारानें चालणारा, तो येथें मुका. पडद्यास चुकीचा वेग दिला कीं सर्वत्र अंधार. घरच्यांचे शब्द ऐकावे लागत ते निराळेच. तरी पुन्हा सीडी घालण्याची उमेद ज्यांची टिकली, त्यांतूनच पुढें कामाचीं माणसें निघालीं. मुंबईंत 'इंडलिनक्स' हा उपक्रम सुरू झाला. ठिकठिकाणीं पडद्यावरील शब्दांची मराठी रूपें ठरूं लागलीं. 'फाइल'ला 'धारिका' म्हणावें कीं फाइलच राहूं द्यावी, यावर झालेले वाद येथें न सांगणेंच बरें. फाइलच टिकली, आणि तें योग्यच झालें.

खरी कसोटी मराठीच्या खास अक्षरांची होती. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतील आडव्या रेघेचा 'र' हिंदीस लागत नाहीं. हिंदीपुरती घडविलेली प्रणाली तेथें रफार देई, आणि 'दऱ्या'चें 'दर्या' होई. डोंगरांतली वस्तु एकदम समुद्रांत! त्या अक्षरासाठीं द्राविडी 'ऱ' चा अर्धा आकार योजावा लागला. 'ॲ' हें अक्षर युनिकोडांत स्वतंत्रपणें आलें तें २००८ सालीं. 'ल' आणि 'श' यांचे तर अंक दोन्ही भाषांत तेच, वळण मात्र वेगळें. पाकळीचा ल व देठाचा श या मराठी वळणांस महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें प्रमाण मानलें. अशी चूक दिसली कीं हौशी वापरणारा पडद्याचें चित्र आणि अक्षरांचे अंक जोडून ती कळवी. जाणता असला तर दुरुस्तीहि लिहून पाठवी. बंद प्रणालींत दुसरी वाट नव्हती.

बंद प्रणालीवाल्यांनीं कांहींच केलें नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तींत मराठीची सोय होती, आणि तिच्यांतील देवनागरी 'मंगल' या फाँटाचे रचनाकार होते कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी. पण 'मंगल' उघडून सुधारण्याची मुभा कोणास नव्हती. 'लोहित' हे मुक्त फाँट रेड हॅटनें २००४ सालीं प्रसिद्ध केले, आणि त्यांवर अनेकांचे हात फिरले. अक्षरें जुळविणारी 'हार्फबझ' ही मुक्त प्रणाली आज असंख्य भ्रमणध्वनींत आहे. मराठी माणूस बोटानें मोहोळ लिहितो तेव्हां तें जुळविण्याचें काम पुष्कळदा तीच करते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून याच अंकांवर लिहिला जात आहे.

मोडी लिपीस युनिकोडांत स्थान मिळालें तें २०१४ सालीं. तिचे मुक्त फाँटहि निघाले आहेत. परंतु घाईघाईनें लिहिलेल्या जुन्या कागदांतील अक्षरांच्या लपेटी त्यांत पुरत्या उतरत नाहींत, आणि त्या एकेक तपासण्याचें काम पुन्हा हौशी मंडळींकडेच आलें आहे.