क्लोन जनावरांचे अन्न : लोकांची धास्ती

क्लोन केलेल्या जनावरांचे मांस किंवा दूध पोटात जाण्याबद्दल ग्राहकांना वाटणारी अस्वस्थता. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली ही क्लोन केलेली मेंढी जन्मल्यानंतर हा प्रश्न पुढे आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००८ मध्ये क्लोन गायी, डुकरे, शेळ्या यांचे अन्न नेहमीच्या अन्नाइतकेच सुरक्षित ठरवले. मेंढ्यांविषयी पुरेशी माहिती नसल्याने त्या वगळल्या. वेष्टनावर वेगळी नोंद मात्र सक्तीची केली नाही. लोकांचा खरा राग यावरच आहे, आणि तो रास्त आहे. क्लोन महाग पडतो, म्हणून तो पैदाशीसाठी राखतात. बाजारात येते ते मुख्यतः त्याच्या संततीचे मांस-दूध, जे ओळखण्याची सोय गिऱ्हाइकापाशी नसते. २०१० साली ब्रिटनमध्ये हेच घडल्याचे उघड झाले : अमेरिकेतील क्लोन गाईच्या भ्रूणापासून जन्मलेल्या एका बैलाचे मांस आदल्या वर्षीच विकले गेले होते. त्यातून कोणाला अपाय झाल्याचे आढळले नाही. पण लोकांना आधी सांगितले नव्हते, हे खटकलेच. जनावरांचे हाल हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे : क्लोन गर्भ वारंवार गळतात, वासरे अवाजवी मोठी होऊन गाय अडते, कित्येक वासरे जन्मताच दगावतात. युरोपीय संसदेने २०१५ मध्ये शेतीच्या जनावरांच्या क्लोनिंगवर आणि अशा अन्नावर बंदी घालण्याच्या बाजूने मतदान केले.