मोठं व्हायला ११ वर्षं लागली, पण अटी सोडल्या नाहीत : ‘आर.ई.एम.’ बँडची गोष्ट

१९८३ हे साल मायकल जॅक्सनचं होतं. ‘थ्रिलर’ जगभर वाजत होता. पण त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम निवडताना ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाच्या समीक्षकांनी ‘मर्मर’ला पसंती दिली. गायकाचे शब्द धड कळतही नव्हते, असा हा अल्बम चार तरुणांच्या ‘आर.ई.एम.’ या बँडचा होता.

सुरुवात कुठे झाली?

जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा. तो ज्या रेकॉर्ड स्वतःसाठी बाजूला ठेवायचा, नेमक्या त्याच घ्यायला मायकल स्टाइप हा कला शाखेचा विद्यार्थी यायचा. त्यातून मैत्री झाली. पुढे माइक मिल्स आणि बिल बेरी हे शाळेपासूनचे दोस्त त्यांना भेटले. ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजले.

‘इंडी’ म्हणजे नेमकं काय?

इंडी म्हणजे ‘इंडिपेंडंट’. बड्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर, छोट्या लेबलांकडून येणारं संगीत. आर.ई.एम.चं पहिलं गाणं ‘रेडिओ फ्री युरोप’ १९८१ मध्ये ‘हिब-टोन’ या अशाच लेबलने काढलं. पुढच्या वर्षी त्यांनी ‘आय.आर.एस.’ या लेबलशी करार केला.

मोठी रेडिओ स्टेशन्स अशी गाणी क्वचितच लावायची. पण अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांची स्वतःची रेडिओ स्टेशन्स होती आणि ती विद्यार्थीच चालवायचे. गाणं हिट आहे की नाही याची त्यांना फिकीर नव्हती, आवडलं की लावायचे. आर.ई.एम.चा पहिला श्रोतावर्ग इथे तयार झाला. व्हॅनमधून गावोगाव फिरत, छोट्या क्लबांमध्ये वाजवत बँडने तो टिकवला.

मग मोठे कसे झाले?

हळूहळू. १९८३ ते १९८७ या काळात दरवर्षी एक, असे पाच अल्बम आले. पाचव्या ‘डॉक्युमेंट’मधलं ‘द वन आय लव्ह’ अमेरिकेच्या ‘टॉप टेन’मध्ये पोचलं. त्यानंतर १९८८ मध्ये बँडने ‘वॉर्नर ब्रदर्स’ या बड्या कंपनीशी करार केला. ‘आता हे विकले गेले,’ अशी टीका इंडीवाल्यांच्या दुनियेत अशा वेळी ठरलेलीच असते.

पण संगीत कसं करायचं हे ठरवण्याचं स्वातंत्र्य बँडने आपल्याकडेच ठेवलं. १९९१ च्या ‘आउट ऑफ टाइम’मधलं ‘लूझिंग माय रिलिजन’ याचा पुरावा ठरलं. बक मेंडोलिन शिकत होता, त्यातून हे गाणं सुचलं. नेहमीसारखा कोरसही त्यात नव्हता. तरी ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं. नावाचा धर्माशी संबंध नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात संयम सुटला, की असं म्हणतात.

या गाण्याचा व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी दिग्दर्शित केला. एमटीव्हीच्या पुरस्कारांत तो वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला. अल्बम अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तीन ग्रॅमी मिळाले. आणि या अल्बमसाठी बँडने मोठा दौराच केला नाही!

बँड फुटला का नाही?

यश आलं की बँडमध्ये पहिलं भांडण होतं ते गाणं कुणाचं यावरून. कारण रॉयल्टी गाणं लिहिणाऱ्याला मिळते. आर.ई.एम.ने हा प्रश्न आधीच मिटवला होता. ओळ कुणीही लिहो, सूर कुणीही शोधो, श्रेय चौघांचं आणि वाटा समान. निर्णयही एकमताने, एकाने नाही म्हटलं की विषय संपला.

१९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कार्यक्रम सुरू असताना बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो वाचला, पण १९९७ मध्ये त्याने बँड सोडला. उरलेले तिघं २०११ पर्यंत एकत्र वाजवत राहिले आणि मग भांडण न करता थांबले.

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’ने बँडचा सन्मान केला. त्या दिवशी बेरीसकट चौघं पुन्हा एकत्र वाजले. गाणं होतं ‘लूझिंग माय रिलिजन’. सन्मान गीतलेखनाचा होता आणि तोही चौघांना मिळून.