चौथा वर्ण बदलताना

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच एक उदाहरण सोडवायला देतात: दिलेल्या शब्दातला अमुक क्रमांकाचा वर्ण काढा आणि तिथे दुसरा घाला. उदाहरण बाळबोध दिसतं. पण त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या मराठीपर्यंत येऊन पोहोचतो.

सुरुवातीचे संगणक मुख्यतः आकडेमोडीसाठी होते. १९५७ साली आलेली फोर्ट्रान भाषाही सूत्रं सोडवण्यासाठीच होती. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फार्बर, ग्रिसवोल्ड आणि पोलोन्स्की यांनी स्नोबॉल ही भाषा रचली. वर्णांच्या माळेत एखादा नमुना शोधायचा आणि त्या जागी दुसरं काही ठेवायचं, हेच तिचं मुख्य काम. पुढे १९६९ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ‘एड’ हा संपादक लिहिला. जुना मजकूर, नवा मजकूर आणि मध्ये तिरक्या रेघा, एवढ्यावर बदल व्हायचा.

आता आपण मराठी शब्द घेऊ: ‘आचार्याला’. संगणकाच्या लेखी यात नऊ वर्ण आहेत, कारण काना आणि हलन्ताची खूणही तो वेगळी मोजतो. चौथा वर्ण र. त्या जागी ऱ घातला की होतं ‘आचाऱ्याला’. बदल एका वर्णाचा, पण गुरुजी गेले आणि स्वयंपाकी आला! गंमत बघा, कागदावर रफार ‘या’च्या डोक्यावर बसतो, संगणकाच्या स्मृतीत मात्र र ‘य’च्या आधीच असतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा क्रम आणि साठवलेला क्रम एक नाही.

बरं, मजकुरातला प्रत्येक र बदलला तर? सगळाच विचका. म्हणून कशाच्या जागी, काय, आणि कोणत्या शेजारात, हे तिन्ही सांगावं लागतं. पाणिनीने नेमकं हेच विभक्तींनी सांगितलं: ज्याच्या जागी आदेश करायचा ते षष्ठीत, त्याच्या पुढे काय हवं ते सप्तमीत, मागे काय हवं ते पंचमीत. पाणिनीला संगणक ठाऊक होता, असा दावा आपण करायचा नाही. पण आदेशाचा प्रश्न जुनाच आहे, एवढं म्हणता येतं.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. त्यात आपला ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: स्वतंत्र वर्ण म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन वर्ण मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधी दोन्हींना एका रूपात आणलं नाही, तर शोध एकालाच सापडवतो. समजा, यादीत ‘वऱ्हाडे’ आडनाव एका तऱ्हेने नोंदलंय आणि कारकुनाने शोधलं दुसऱ्या तऱ्हेने. माणूस समोर उभा, नाव पडद्यावर, आणि संगणक म्हणतो, ‘नोंद नाही’.

‘तेच’ म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एक ठरतात का? इथे त्याचं उत्तर कोणीतरी आधी ठरवून, नियम म्हणून लिहून ठेवावं लागतं. ते ठरवताना मराठी जाणणारं माणूस तिथे हवं, नाहीतर त्या गैरहजेरीची किंमत वऱ्हाडे मोजणार.