घरून काम मला जमेल का? पापड, कॉन्कॉर्ड आणि शांघायचं कॉल सेंटर

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारलाय: घरून काम करणं माझ्या स्वभावाला जमेल का? नेटवर याच्या क्विझ ढिगाने सापडतात. तुम्ही अबोल की बडबडे, सकाळी उठणारे की रात्री जागणारे. दहा क्लिक केले की निकाल हातात. मी पडलो कोड लिहिणारा. आधी जुने लॉग बघायचे आणि मग बोलायचं, ही आमची सवय. म्हणून आज घरून काम करण्याच्या इतिहासातले तीन लॉग उघडूया.

पहिला गिरगावातला. 15 मार्च 1959. सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हेच पुढे लिज्जत पापड. पावसाळ्यात गच्चीवर वाळवण घालता येईना, म्हणून काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. प्रश्न मिटला! पुढे बायका वाढल्या, जागा पुरेना, आणि सकाळी मळलेलं पीठ घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे अशी पद्धत पडली.

आता नीट ऐका. घरी लाटायचं काम हवं असेल तर संस्था काय बघते? घरात लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा आहे का, हे. नसेल तर त्या बाईने केंद्रावर यायचं, पीठ मळायचं, पॅकिंग करायचं. ‘तुला जमणार नाही’ असं तिला कुणी म्हणत नाही. तिच्या खोलीत जमत नाही, एवढंच. शिवाय किती पीठ नेलं आणि किती पापड आणले, हा हिशोब उघड असतो. दुपारी दोनला लाटले की रात्री दहाला, याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. आणि केंद्रावर फेरी होतेच, त्यामुळे चार जणी भेटतात, बोलतात.

दुसरा लॉग इंग्लंडचा, 1962 चा. हा आपल्या धंद्यातला आहे. स्टेफनी शर्ली नावाच्या प्रोग्रामरने सहा पौंडांच्या भांडवलावर घरातूनच सॉफ्टवेअर कंपनी काढली. त्या काळी लग्न झालं, मूल झालं की हुशार बायका नोकरीतून बाहेर पडायच्या. शर्लीबाईंनी त्यांनाच काम दिलं, घरबसल्या. पहिल्या 300 जणांत पुरुष फक्त तीन! घरी कॉम्प्युटर नाही, इंटरनेट तर नाहीच. प्रोग्राम कागदावर पेन्सिलीने लिहायचा, पोस्टाने पाठवायचा, तिकडे कुणीतरी तो कार्डांवर पंच करणार. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग या बायकांनी घरात बसून केलं.

मुलाखतीत त्या उमेदवाराला एक प्रश्न हमखास विचारायच्या: तुमच्याकडे फोनची सोय आहे का? पुन्हा तेच बघा. स्वभावाच्या आधी सोय. अर्थात सोय असली तरी घर ते घरच. स्वतः शर्लीबाई ग्राहकाचा फोन आला की टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायच्या, बाळाचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. झूमवर मागे खोटं पुस्तकांचं कपाट लावणारे आपण काही पहिले नाही!

म्हणजे स्वभावाचा काहीच संबंध नाही का? आहे. त्यासाठी तिसरा लॉग, शांघायचा. 2010 मध्ये सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीने कॉल सेंटरच्या लोकांना विचारलं, घरून काम कराल का? साधारण 1,000 पैकी निम्म्यांनी हात वर केला. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आणि स्वतंत्र खोली होती आणि सहा महिने नोकरी झाली होती असे 249 जण निवडले. वाढदिवस सम तारखेला असेल तर घरी, विषम असेल तर ऑफिसात. आठवड्यातले चार दिवस घरून, पाचवा ऑफिसात, असं नऊ महिने चाललं.

घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. त्यातला मोठा भाग कमी सुट्ट्या आणि कमी ब्रेक यांमुळे होता. पण तेवढंच चांगलं काम करूनही बढतीत ते मागे पडले. समोर नसलेला माणूस साहेबाला आठवत नाही, दुसरं काय.

खरी गंमत पुढे. प्रयोग संपल्यावर सगळ्यांना पुन्हा निवड करायला दिली. ज्यांनी स्वतःहून हात वर केला होता आणि नऊ महिने घरून काम केलं होतं, त्यांतले निम्मे ऑफिसात परत गेले. मुख्य कारण एकटेपणा. आणि अनुभव घेऊन लोकांनी निवड केल्यावर कामातली वाढ 13 वरून 22 टक्क्यांवर गेली.

यातून मला कळलं ते हे: स्वभाव आधी विचारून कळत नाही, करून बघितल्यावर कळतो. त्या निम्म्या लोकांना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं.

माझ्यासाठी हा विषय पुस्तकी नाही. आमच्या टीमला पर्याय आलाय: कायमचं घरून, नाहीतर आठवड्याला तीन दिवस ऑफिस. साताऱ्याला आई-बाबा दोघंच असतात, पुण्यातलं भाडं वाचेल, रोज रात्री घरचं जेवण. दुसरीकडे, शिकण्याचं वय आहे आणि अडलं की शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारता येतं, ते तिकडे नाही. मी मॅनेजरकडे कायमचं काहीच मागितलं नाही. तीन महिने साताऱ्याहून काम, मग पुन्हा बोलू, एवढंच मागितलं. ते हो म्हणालेत. पुण्यातली कॉट मी सोडलेली नाही. तीन महिन्यांचं जादा भाडं जाईल, जाऊ दे.

तुम्हीही ठरवत असाल तर क्विझ बाजूला ठेवा. दार लावता येईल अशी जागा आहे का? दिवसाअखेर काम मोजून दाखवता येतं का? आठवड्यात कामाची माणसं प्रत्यक्ष भेटतील का? तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर करून बघा, पण परतीचं तिकीट खिशात ठेवूनच. आणि नऊ महिन्यांनी परत फिरावंसं वाटलं तर खुशाल फिरा. शांघायची निम्मी मंडळी फिरलीच होती.

तुमचं काय ठरलं ते व्हॉइस मेसेज करून नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!