शेत की बीज? स्त्रीकेसराची कथा

परसात भोपळ्याचा वेल असेल तर उद्या सकाळी जरा निरखून पाहा. काही फुलं नुसत्या लांब देठावर असतात. काहींच्या मागे मात्र चिमुकला भोपळा आधीच असतो. तो म्हणजे मादी फुलाचा अंडाशय. वर पराग झेलणारी कुक्षी, मध्ये कुक्षिवृंत, खाली अंडाशय आणि त्यात बीजांडं. हे सगळं मिळून स्त्रीकेसर.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाचा प्रश्न. बी घडवण्यात या अंडाशयाचं स्वतःचं काही असतं, की तो नुसती जागा देतो? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री क्षेत्र आहे, पुरुष बीज. आणि मान बीजाला. ॲरिस्टॉटलच्या मते आई द्रव्य पुरवते, आकार बापाकडून येतो.

१६९४ मध्ये ट्युबिंगेनच्या कामेरारियसने प्रयोगांनी दाखवलं, की परागाशिवाय रुजणारं बी धरत नाही. म्हणजे नराचा वाटा सिद्ध झाला. मादीचा? १८३७ मध्ये श्लायडेनसारखा नामवंत शास्त्रज्ञ सांगू लागला, की परागनलिकेचं टोकच गर्भ बनतं. बीजांड त्याला फक्त पोसतं. सूक्ष्मदर्शक नवा, पण डोळे जुनेच!

इटलीच्या आमिचीने ऑर्किडची फुलं तपासली आणि १८४७ मध्ये मांडलं, की परागनलिका पोचण्याआधीच बीजांडात अंडपेशी तयार असते. गर्भ तिच्यातूनच घडतो. १८४९ मध्ये हॉफमाइस्टरने इतर अनेक वनस्पतींत तेच दाखवलं. १८८४ मध्ये स्ट्रासबुर्गरने नर-मादी केंद्रकांचं मीलन पाहिलं. वाटा दोघांचा, हे ठरलं.

हे मी कोल्हापुरात का सांगतोय? २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८३९. माझ्या आजीनं पाच मुलींपायी जन्मभर बोलणी खाल्ली. यातला तर्क बघा. बाईला शेत म्हणायचं आणि मुलगी झाली की जाब शेतालाच विचारायचा! ज्वारी पेरून ऊस का आला नाही, म्हणून रानाला कुणी बोल लावतं का? मुलगा की मुलगी, हे तर वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं. अर्थात मुलगी होण्यात दोष मुळातच नाही. मग तो कुणाचा, हा प्रश्नच चुकीचा.

इथं थांबतो. आता तुम्ही विचारा.