‘वात्रट’ मूल की एडीएचडी? लक्षणे ओळखूया

रविवारच्या धम्मवर्गात एखादे मूल त्रिसरण-पंचशील संपेपर्यंतही एका जागी बसत नाही. आपण त्याला दटावतो, मागे बसवतो. शाळेतही तेच होते. ‘वात्रट’, ‘ढ’ असे शिक्के बसत जातात आणि मुलाचे मन शाळेतून उडते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या वस्त्यांत काम करणाऱ्या तरुणांना ही लक्षणे माहीत असायला हवीत, असे आम्हाला वाटते. शिक्षण हीच आपली पुंजी आहे. ती नुसत्या गैरसमजापायी हातची जाऊ नये.

एडीएचडी म्हणजे काय?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे कठीण जाणारा, मेंदूच्या वाढीशी निगडित विकार. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईचे लाड, वडिलांचा धाक कमी पडणे किंवा बाहेरची बाधा ही त्याची कारणे नव्हेत. बुद्धी कमी असते, असेही नाही.

लक्ष न टिकण्याची लक्षणे

- अभ्यासात निष्काळजी चुका होणे
- समोर बोलत असताना ऐकतच नाही असे वाटणे
- काम अर्धवट सोडणे
- वही, पेन्सिल, डबा वारंवार हरवणे
- रोजच्या गोष्टी विसरणे

अतिचंचलता आणि उतावीळपणाची लक्षणे

- हातपायांची सतत चुळबुळ
- वर्गात जागेवरून उठणे, नको तिथे धावणे-चढणे
- अखंड बडबड
- प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे
- रांगेत आपली पाळी येईपर्यंत न थांबणे

मुलींमध्ये बऱ्याचदा पहिला प्रकार दिसतो. ती कोणाला त्रास देत नाही, खिडकीबाहेर बघत बसते; म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

खूण कशी पटवायची?

मस्ती सगळीच मुले करतात. तज्ज्ञ चार गोष्टी पाहतात. एका गटातल्या ९ पैकी किमान ६ लक्षणे (१७ वर्षांपासून पुढे ५) असावीत. ती ६ महिने टिकलेली असावीत. १२ वर्षांच्या आत काही लक्षणे दिसलेली असावीत. आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्रास होत असावा. रक्त तपासून किंवा स्कॅन करून हे निदान होत नाही. दृष्टी, ऐकू येणे, अपुरी झोप, घरातला ताण हेही तपासावे लागते. लेखन-वाचनाची अक्षमता सोबत असू शकते, तीही तपासून घ्यावी.

कुठे जायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडीत, तसेच सरकारी व अनुदानित शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी हे त्याचे काम. त्याच्या यादीत एडीएचडीही आहे. तपासणीचे पथक शाळेत कधी येणार, हे मुख्याध्यापकांना विचारावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि १९०१ पासूनचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही जवळची सरकारी ठिकाणे आहेत. मनोरुग्णालयाच्या नावाने दचकू नये. बाह्यरुग्ण विभागात दाखवणे म्हणजे भरती होणे नव्हे. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

उपचारात पालकांचे प्रशिक्षण, शाळेतली मदत आणि गरजेनुसार डॉक्टरांनी दिलेली औषधे येतात. आनापान जरूर करावे, पण उपचारांच्या जागी नव्हे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

निदान आपण करायचे नाही. पालकांना दोष न देता, काय दिसले ते तारखेसह लिहून द्यावे आणि पहिल्या भेटीला सोबत जावे. रोजंदारी बुडवून दवाखान्याची रांग लावणाऱ्या आईला तोच मोठा आधार असतो. अभ्यासिकेत अशा मुलाला पुढे बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, मध्ये उठायला एखादे काम सांगा. सतरंज्या घालणे, पाणी वाटणे त्याला छान जमते. मागे बसवलेले मूल पुढे आणणे, एवढी सुरुवात या रविवारीच करता येईल.