गॉगलच्या काचा : मूळ कंपनीच्या की पर्यायी?

गॉगलची फ्रेम वर्षानुवर्षे टिकते. काच मात्र आधी खराब होते. तिच्यावर ओरखडे पडतात, घाम आणि दमट हवेमुळे वरचा मुलामा सुटू लागतो, कधी ती पडून तडकते. अशा वेळी लालबाग-परळमधील ग्राहकापुढे तीन पर्याय असतात : मूळ कंपनीची काच मागवणे, चष्म्याच्या दुकानातून पर्यायी काच बसवून घेणे, अथवा नवा गॉगल घेणे. निर्णय बहुधा किमतीवर होतो. तो आधी डोळ्यांच्या सुरक्षिततेवर व्हायला हवा.

रंग म्हणजे संरक्षण नव्हे

मुंबईत मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. उन्हाळ्यातील दुपारी येथे अतिनील किरणांची तीव्रता फार मोठी असते. या किरणांचा दीर्घकाळचा मारा मोतीबिंदूचा धोका वाढवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर दिवसभर वाहन चालवणारे, वाहतूक पोलीस आणि रस्त्यावरील विक्रेते यांच्यासाठी गॉगल ही केवळ हौसेची वस्तू नाही.

काचेचा गडदपणा आणि अतिनील किरणे अडवण्याची क्षमता यांचा परस्परसंबंध नाही. संपूर्ण पारदर्शक पॉलिकार्बोनेट काचही बहुतांश अतिनील किरणे अडवते. उलट, हे संरक्षण नसलेली काळी काच अधिक घातक ठरू शकते. कारण अंधारामुळे बाहुली विस्फारते आणि किरणांना आत जाण्यास वाट मिळते. म्हणून काच मूळ असो वा पर्यायी, ती ४०० नॅनोमीटरपर्यंतची किरणे अडवते का, हा पहिला प्रश्न. बाजारात यालाच 'यूव्ही ४००' म्हणतात.

मूळ काच

मूळ काचेचा मोठा गुण म्हणजे अचूक माप. खेळाडू वापरतात त्या चेहऱ्याभोवती वळणाऱ्या गॉगलमध्ये काचेची वक्रता फ्रेमशी तंतोतंत जुळावी लागते. ती न जुळल्यास दृश्य किंचित सरकते, डोके दुखते, काच निसटते. मात्र अनेक मॉडेलांच्या सुट्या काचा मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी महाग असतात.

जुन्या गॉगलबाबत प्रश्न आणखी अवघड होतो. १९३७ मध्ये बाजारात आलेला 'रे-बॅन' १९९९ मध्ये अमेरिकेच्या 'बॉश अँड लॉम्ब'कडून इटलीच्या 'लक्झोटिका'कडे गेला. त्यापूर्वीच्या काचांच्या कडेला 'बीएल' ही बारीक अक्षरे कोरलेली असत. नंतर तेथे 'आरबी' आले. घरातील वडीलधाऱ्यांचा 'बीएल' गॉगल जपलेला असेल, तर त्याची तशीच नवी काच आता तयार होत नाही. तेथे जुना साठा किंवा पर्यायी काच हेच मार्ग उरतात.

पर्यायी काच

पर्यायी काच म्हणजे 'डुप्लिकेट' नव्हे. दुसऱ्याचे बोधचिन्ह लावून विकलेली काच ही फसवणूक. स्वतःच्या नावाने किंवा चष्मेवाल्याने फ्रेमच्या मापाने कापून दिलेली काच हा प्रामाणिक पर्याय. साध्या, सपाट धाटणीच्या फ्रेममध्ये चांगल्या कारागिराने बसवलेली काच मूळ काचेइतकेच संरक्षण देऊ शकते. नंबरचा गॉगल हवा असणाऱ्यांसाठी तर हाच नेहमीचा मार्ग आहे.

सर्वसाधारण काचेला जड वजन आणि फुटण्याचा धोका असतो. सीआर-३९ हे प्लास्टिक हलके व सुस्पष्ट असते, पण संपूर्ण अतिनील संरक्षणासाठी त्यात वेगळे द्रव्य मिसळावे लागते. पॉलिकार्बोनेट आघात सोसते, मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात. दुचाकीस्वारांनी तेच घेणे हिताचे.

घेण्यापूर्वीची तपासणी

काडीच्या आतील बाजूस मॉडेल क्रमांक आणि माप छापलेले असते. '५८-१४' याचा अर्थ काच ५८ मिलिमीटर रुंद व नाकावरील अंतर १४ मिलिमीटर. ही नोंद दुकानदाराला द्यावी.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार गडदपणाच्या ० ते ४ अशा श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. शहरातील उन्हाला ती पुरेशी. चौथ्या श्रेणीची काच वाहन चालवताना वापरू नये.

पोलराइज्ड काच ओल्या रस्त्यावरील आणि मोटारींच्या काचांवरील चकाकी कमी करते. अशी काच बसवताना दोन्हींची दिशा सारखी हवी. मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल धरून हळूहळू फिरवावा. दोन्ही काचा एकाच कोनात काळवंडल्या पाहिजेत.

अतिनील संरक्षणाची ढोबळ परीक्षा नोटा तपासण्याच्या दिव्याने होते. नोटेवरील चमकणारा क्रमांक दिवा आणि नोट यांच्यामध्ये काच धरताच चमकेनासा व्हावा. खात्रीसाठी चष्मेवाल्याकडील यूव्ही मीटरचा आग्रह धरावा आणि बिलावर काचेचा प्रकार व 'यूव्ही ४००' असा उल्लेख लिहून घ्यावा.

थोडक्यात, वळणदार क्रीडा गॉगलला शक्यतो मूळ काच, तर साध्या फ्रेमला तपासून घेतलेली पर्यायी काच योग्य. कोणतीही खात्री न देणारी काच मात्र कितीही स्वस्त असली तरी नाकारावी.